अकोलीची विहीर, बोंडगावचं पाणी

२०२४चा डिसेंबर सरता सरता बुलढाणा जिल्ह्याच्या शेगाव तालुक्यातल्या काही गावांत माणसांचे केस हातात यायला लागले. आधी डोकं खाजायचं, मग कंगव्यात पुंजके यायचे आणि तीन-चार दिवसांत टक्कल. बोंडगाव, कालवड, कठोरा ही नावं जिल्ह्याबाहेर कुणी ऐकलेली नव्हती. जानेवारी २०२५मध्ये ती दिल्लीच्या वाहिन्यांवर झळकली. १८ गावांतल्या २७९ जणांची नोंद झाली. त्यात कॉलेजात जाणारी पोरं होती, लग्नाच्या वयाच्या मुली होत्या.

पहिला संशय पाण्यावर गेला. आरोग्य खात्यानं नमुने घेतले, त्यात क्षार आणि नायट्रेट जास्त निघाले. इथल्या माणसाला त्याचं नवल वाटलं नाही. सातपुडा आणि अजिंठ्याच्या डोंगररांगांच्या मधून पूर्णा वाहते. तिच्या खोऱ्यात अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेला खारपाण पट्टा शेगाव तालुक्यालाही शिवतो. माती काळीभोर, कापूस-हरभऱ्याची, पण खालचं पाणी खारं. बोरच्या पाण्यात डाळ शिजत नाही, हे इथल्या घराघरातलं वाक्य. हंड्याच्या आत काठाशी पांढरी रेघ धरते. ती चिंचेनं घासली तरी चार दिवसांत परत येते. संग्रामपूर, जळगाव जामोदकडे किडनीच्या आजाराची तक्रार कित्येक वर्षांची आहे. तेव्हा केस गळाले म्हटल्यावर बोट पाण्याकडेच जाणार.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची पथकं आली. मग महाडहून डॉ. हिंमतराव बावस्कर आले. विंचूदंशावरच्या कामासाठी जगभर ओळखले जाणारे हे डॉक्टर गावांत फिरले, त्यांनी नमुने तपासून घेतले आणि वेगळंच कारण मांडलं: रेशनच्या दुकानातून मिळालेला, पंजाब-हरियाणाकडून आलेला गहू आणि त्यातलं सेलेनियम. रुग्णांच्या रक्तात, लघवीत आणि केसांत सेलेनियम कित्येक पटींनी वाढलेलं आढळल्याचं त्यांनी सांगितलं. पुढे एप्रिलमध्ये काही रुग्णांची नखंही गळू लागली.

मला सांगायचं आहे ते त्याच्या आधीचं. तपासण्यांचा कागद यायच्या आधीच निकाल लागून गेला होता. ‘टक्कल व्हायरस’ हा शब्द मोबाइलवरून गावोगाव फिरला. कॉलेजातल्या मुली ओढणी गच्च बांधून वर्गात बसू लागल्या, काहींनी जाणंच सोडलं. लग्नं जुळवताना अडचणी येऊ लागल्या. पुष्कळांनी शरमेपोटी डोकं भादरून घेतलं. अन्नात की पाण्यात हे ठरायचं होतं. बट्टा मात्र माणसांना लागला होता.

पर्यावरणाची गोष्ट लोकांपर्यंत कोणत्या शब्दांत न्यावी, याची चर्चा आपल्याकडे होते तेव्हा ही गावं माझ्या डोळ्यांपुढून हलत नाहीत.

ही चर्चा जगात बरीच पुढे गेली आहे. मॅथ्यू फाइनबर्ग आणि रॉब विलर या अमेरिकी संशोधकांचा २०१३ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास तिच्यात नेहमी येतो. अमेरिकेत पर्यावरणावरून दोन राजकीय तट आहेत: उदारमतवादी बाजूने, परंपरावादी विरोधात. या दोघांनी वर्तमानपत्रांतले लेख आणि जनजागृतीच्या चित्रफिती तपासल्या. त्यातली भाषा बहुतेक एकाच वळणाची निघाली: निसर्गाला इजा होते आहे, त्याला जपा. ही कळकळ उदारमतवाद्यांना भिडते. मग त्यांनी वेगळा मजकूर केला. त्यात शुद्ध-अशुद्धाची भाषा होती, शहरावरचा धुराचा ढग होता, घाण पाणी पिणारा माणूस होता, कचऱ्यानं भरलेलं जंगल होतं. हा मजकूर वाचल्यावर परंपरावादी वाचकांचा पर्यावरणाकडे पाहण्याचा कल बदलला आणि दोन्ही तटांमधलं अंतर जवळजवळ मिटलं. जोनाथन हाइट यांची मांडणी याच्या मुळाशी आहे. काळजी, न्याय, निष्ठा, वडीलधाऱ्यांचा मान आणि पावित्र्य या पायांवर माणसाची नीती उभी असते आणि कोणता पाय कुणाला जास्त भक्कम वाटतो यात फरक असतो, असं ते म्हणतात. नंतरच्या सगळ्याच अभ्यासांत हा परिणाम इतका ठळक दिसला नाही. पण सल्ला जगभर गेला: समोरच्याच्या नीतीच्या भाषेत बोला, आणि तो परंपरा मानणारा असेल तर पावित्र्याची भाषा वापरा.

हा सल्ला महाराष्ट्रात जसाच्या तसा घेता येणार नाही, असं माझं ठाम मत आहे. कारण पाण्याचं पावित्र्य आपल्याकडे एकदा वापरून झालं आहे, आणि ते कशासाठी वापरलं हे ठाऊक आहे.

२० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह गेले आणि त्यांनी ओंजळभर पाणी प्यायलं. त्या तळ्यावर गुरं पाणी पीत होती, परधर्मीय पीत होते. त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. सत्याग्रहानंतर मात्र तळं ‘बाटलं’ म्हणून सवर्णांनी शेण, गोमूत्र, दही-दुधाचे १०८ घडे मंत्र म्हणत त्यात ओतले आणि ते ‘शुद्ध’ केलं. पाण्यात शेण घालून पाणी शुद्ध करणारी ही शुद्धता पाण्याची नव्हतीच, ती माणसांची प्रतवारी होती. तळं सार्वजनिक आहे हे उच्च न्यायालयातून वदवून घ्यायला १९३७ साल उजाडलं. ज्या समाजाच्या स्मरणात हे आहे, त्याला ‘पाणी पवित्र आहे’ असं सांगताना सांगणाऱ्यानं दहा वेळा विचार करायला हवा. बावस्करांचं रुग्णालय याच महाडात आहे. बोंडगावच्या पोरांचे नमुने महाडच्या डॉक्टरानं तपासून घ्यावेत, हा योग मला साधा वाटत नाही.

मग भक्तीची भाषा सोडून द्यायची का? शेगावात उभं राहून हे कुणाला म्हणवणार नाही.

गजानन महाराजांच्या मंदिराच्या दर्शनबारीत उभं राहिलं की पांढऱ्या कपड्यांतला सेवाधारी हात जोडून म्हणतो, “माऊली, पुढे चला.” समोरचा आमदार असो की मजूर, हाक तीच. हे सेवाधारी गावोगावचे, घरची शेतीवाडी सोडून पाळीनं येणारे, पगार न घेणारे. कुणी चपला सांभाळतो, कुणी फरशी पुसतो. एवढ्या गर्दीचं देवस्थान आणि कागदाचा कपटा दिसत नाही. शिवशंकरभाऊ पाटलांनी कित्येक दशकं हा कारभार पाहिला. ४ ऑगस्ट २०२१ रोजी ते गेले, पण घडी मोडली नाही. महाप्रसादाला बसलेली माणसं पानात कण ठेवत नाहीत. लग्नाच्या पंगतीत अर्धं ताट टाकणारा माणूसही इथं शेवटचं शीत टिपून घेतो. त्याला कुणी अन्नाच्या नासाडीवर व्याख्यान दिलेलं नसतं.

या टिपून घेण्यामागे एक कथा आहे. २३ फेब्रुवारी १८७८ रोजी गजानन महाराज शेगावात प्रथम दिसले ते उकिरड्यापाशी. जेवणावळीनंतर बाहेर टाकलेल्या पत्रावळींवरची शितं वेचून ते खात होते. बंकटलाल आगरवाल आणि दामोदरपंत कुलकर्णी यांनी ते पाहिलं. त्यांनी चांगलं अन्न आणून दिलं, प्यायला पाणी आणायला एक जण गेला, तोवर महाराज गुरांसाठी साठवलेलं पाणी पिऊन मोकळे झाले होते. दासगणूंच्या २१ अध्यायांच्या पोथीत हा पहिलाच अध्याय आहे आणि पारायण करणाऱ्या लाखो घरांना तो तोंडपाठ आहे. त्या काळच्या सोवळ्याच्या हिशेबानं उष्टं आणि गुरांचं पाणी यांहून बाटलेलं काय असणार? पण या संताची ओळखच तिथून सुरू होते. इथलं पावित्र्य सोवळ्यात नाही, ते अन्नात आहे आणि अन्न सगळ्यांचं आहे.

दुसरी कथा अकोलीची. पायी जाताना महाराजांना तहान लागली, शेतात भास्कर पाटील काम करत होते. धडधाकट माणूस, अंगावर कपडा नाही, काम करत नाही आणि पाणी मागतो, म्हणून भास्करांनी नकार दिला. जवळ एक विहीर होती, बारा वर्षं कोरडी ठणठणीत. महाराज तिच्या काठावर बसले आणि तिला पाणी लागलं. भास्कर शरमले, त्यांनी पाय धरले आणि मग घरदार सोडून ते महाराजांच्या मागे गेले. विहिरीला पाणी लागलं हा चमत्कार भक्त सांगतात. मला त्या कथेचा अर्थ त्याच्या एक पाऊल आधी दिसतो. तहानलेल्याला पाणी नाकारणं हे पाप आहे आणि ते त्याच्या कपड्यांवरून, कामावरून ठरवणं हे त्याहून मोठं पाप आहे. महाडला ज्या न्यायाची मागणी झाली, तोच न्याय इथं भक्तीच्या पोथीत सांगितलेला आहे. दोन्हींची भाषा वेगळी, बोलणारी माणसं वेगळी, आजचे त्यांचे पक्षही वेगळे. पाण्यापाशी येऊन मात्र ती एका जागी उभी राहतात.

विदर्भात हे जोडकाम एका माणसानं आयुष्यभर केलं. गाडगेबाबा गावात शिरले की आधी हातातल्या खराट्यानं रस्ते झाडायचे, रात्री कीर्तनाला उभे राहायचे. कीर्तनात प्रश्न विचारायचे: देवापुढे बकरं का मारता, पोराला शाळेत का घालत नाही, कर्ज काढून तीर्थाला का जाता. त्यांनी पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. झाडू आणि न्याय त्यांच्याकडे एकाच माणसाच्या हातात होते, म्हणून त्यांना शुद्धतेची भीती नव्हती. २० डिसेंबर १९५६ रोजी ते गेले. पुढे २०००-०१मध्ये ग्रामविकास मंत्री आर. आर. पाटील यांनी त्यांच्या नावानं ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलं. त्यानंतर सरकारं आली-गेली, युती झाली, आघाडी झाली, फाटाफूट झाली. त्या अभियानाचं नाव बदलण्याची छाती कुणाची झाली नाही.

पाण्याच्या योजनांच्या नशिबी हे भाग्य आलं नाही. डिसेंबर २०१४मध्ये फडणवीस सरकारनं जलयुक्त शिवार आणलं. नाले खोल झाले, बंधारे बांधले गेले, गावोगाव फलक लागले. २०२०मध्ये नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या अहवालानं ९,६३३ कोटींहून अधिक खर्च होऊनही भूजल वाढल्याचं फारसं दिसत नाही असा ठपका ठेवला आणि महाविकास आघाडीनं चौकशी लावली. सत्ता पुन्हा फिरली तेव्हा त्याच योजनेचा दुसरा टप्पा आला. नाला तोच, गाळ तोच, पण त्याच्याकडे पाहून कार्यकर्ता आधी विचारू लागला, हे काम कुणाच्या काळातलं? महालेखापरीक्षकांचा आक्षेप तांत्रिक होता. आपण तो राजकीय करून टाकला आणि पाणी किती मुरलं हा प्रश्न मागे पडला. याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण बुलढाण्यासारख्या जिल्ह्याला तो प्रश्न मागे टाकण्याची चैन परवडणारी नाही.

या जिल्ह्यात त्याच काळात तीन गोष्टी पक्षांच्या पलीकडे चालल्या. राष्ट्रीय महामार्गाच्या भरावासाठी लागणारी माती-मुरूम तलाव आणि नाले खोल करून काढायची, म्हणजे रस्त्याला माती मिळते आणि गावाला साठा. याला ‘बुलढाणा पॅटर्न’ म्हणून नावाजलं गेलं. त्यात नीतीची भाषा नव्हती, उघड देवाणघेवाण होती. दुसरी पाणी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा. तिनं श्रमदान हा जुना शब्द उचलला आणि पहाटे कुदळ-घमेलं घेऊन माणसं माळावर आली. मोताळा तालुक्यातल्या सिंदखेडनं २०१८च्या स्पर्धेत राज्यात दुसऱ्या क्रमांकाचं बक्षीस वाटून घेतलं. आणि खारपाण पट्ट्यात पोकरा चालला. त्याचं पूर्ण नाव नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प. संघाच्या माणसाचं नाव, जागतिक बँकेचं कर्ज, आणि तो आघाडी सरकारच्या काळातही सुरू राहिला. निवडलेल्या ५,१४२ गावांतली ९३२ गावं पूर्णेच्या खाऱ्या पट्ट्यातली होती. शेतकरी पूर्ण नाव घेतच नाही. शेततळ्यात पावसाचं गोडं पाणी राहिलं की हरभऱ्याला एक ओलीत देता येतं, त्याला मतलब त्याच्याशी.

नदी आणि श्रद्धा यांची सगळ्यात लांबलेली ओढाताण गणपतीवरून झाली. विसर्जनाच्या मूर्ती नदीत न सोडता दान करा, हा अंधश्रद्धा निर्मूलन समितीचा उपक्रम डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी नेटानं चालवला. कोल्हापुरात पंचगंगेच्या काठी तो रुजला, लोकांनी स्वतःहून मूर्ती आणून दिल्या. इतर ठिकाणी हिंदुत्ववादी संघटनांनी त्याला कडाडून विरोध केला. विरोध प्लास्टर ऑफ पॅरिसच्या बाजूनं नव्हता. देवाबद्दल आम्हाला सांगणारे तुम्ही कोण, हा त्यातला सल होता. सांगणारा नास्तिक मानला गेला की त्याचं खरं म्हणणंही आक्रमण वाटतं. मे २०२०मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं प्लास्टरच्या मूर्तींवर बंदीच्या सूचना काढल्या, पुढे प्रकरण उच्च न्यायालयात गाजलं आणि जून २०२५मध्ये मूर्ती घडवायला मुभा, पण नैसर्गिक पाण्यात विसर्जन नाही, अशी दिशा मिळाली. न्यायालयाचा कागद तिथवर पोहोचवू शकतो. शेगावापासून जवळच्या खामगावात मानाचा गणपती लाकडाचा आहे. विसर्जनाच्या मिरवणुकीत तो सगळ्यांच्या पुढे असतो. शाडू की प्लास्टर हा वाद राज्यात पेटण्याच्या कितीतरी आधीपासून तो तिथं आहे, आणि त्याला कुणी पर्यावरणपूरक म्हणून बसवलेलं नाही. असे दाखले आपल्याच आळीत असताना आपण सांगायला जातो ते सगळं बाहेरून आणलेल्या शब्दांत.

तरी भक्तीच्या भाषेचा धोका मी झाकून ठेवणार नाही. राळेगणसिद्धीत अण्णा हजाऱ्यांनी १९७५च्या सुमारास आधी यादवबाबांचं मंदिर दुरुस्त केलं आणि मंदिराच्या ओट्यावरून नशाबंदी, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी गावाला पटवली. पाणी आलं, गाव उभं राहिलं. मुकुल शर्मा यांनी ‘ग्रीन अँड सॅफ्रन’ या २०१२च्या पुस्तकात त्याच गावाकडे दलितांच्या बाजूनं पाहिलं, तेव्हा त्या एकीच्या आतली उतरंडही दिसली. देवळाच्या ओट्यावरून दिलेला संदेश ओट्याखाली बसलेल्यालाही पोहोचतो, पण त्याला उलट प्रश्न विचारता येतो का, हे पाहावं लागतं. शेगावातही तेच. महाराजांनी गुरांचं पाणी प्यायलं, मग आपण बोरचं पिऊन काय होतं, असा अर्थ त्या कथेतून कुणी काढला तर तो सगळ्यात सोयीचा अर्थ ठरेल, विशेषतः ज्यांच्यावर गोडं पाणी पुरवण्याची जबाबदारी आहे त्यांना. संतानं स्वतःच्या मर्जीनं जे प्यायलं ते सरकारनं गरिबाला नाइलाजानं प्यायला लावावं, याला कोणत्याही पोथीचा आधार नाही. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरमागे ४५ मिलिग्रॅमच्या वर नको, हे भारतीय मानक आहे. तो आकडा न्यायाचा आहे आणि तो श्रद्धेनं खाली-वर होत नाही.

सेवा माणसाला झाडू हातात घ्यायला लावते. गहू कुठून आला, तो कोणी तपासला आणि तपासला नसेल तर का नाही, हे विचारायला ती आपणहून लावत नाही. बोंडगावला हे दोन्ही हवं होतं. माऊली म्हणणारा आवाज त्या पोरींच्या शेजारी उभा राहायला हवा होता, आणि रेशनच्या पोत्याचा हिशेब मागणारा आवाजही.

यासाठी नवं काही उभारायची गरज नाही. जलजीवन मिशनखाली गावोगाव पाच-पाच बायांना पाणी तपासायचं प्रशिक्षण द्यायची तरतूद आहे. किटमधल्या नळीत पाणी घ्यायचं, थेंब मोजून टाकायचे, हलवून ठेवायचं आणि चढलेला रंग कागदावरच्या पट्टीशी लावून पाहायचा. काही मिनिटांत नायट्रेटचा अंदाज येतो. शिवाय पावसाळ्याआधी आणि नंतर गावातल्या स्रोतांची पाहणी होऊन ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. हे कागद ग्रामपंचायतीच्या कपाटात जातात. गुरुवारी संध्याकाळी शेगाव तालुक्यातल्या जवळपास प्रत्येक गावात महाराजांची आरती होते, आणि त्या वेळी गाव जमलेलंच असतं. आरती झाल्यावर, तपासणाऱ्या बाईनं स्वतः, तो निकाल वाचावा. तोच बुद्धविहारात वाचावा, तोच शुक्रवारी मशिदीबाहेर. कोणत्या बोरचं पाणी पिण्याचं नाही, रेशनच्या कोणत्या लॉटचा नमुना कधी पाठवला, दुरुस्तीची तारीख कोणती आणि ती कोणी दिली. बोरचा नंबर वाचावा, पोत्याचा लॉट वाचावा, अधिकाऱ्याचं पद वाचावं. आजारी पडलेल्या माणसाचं नाव त्या यादीत नसावं.